हिमालयन की डेक्कन?

‘घेतेयस तर मोठीच घे!’ गेल्या तीन महिन्यांत हा सल्ला मला सोसायटीच्या वॉचमनपासून जिमच्या ट्रेनरपर्यंत सगळ्यांनी दिलाय. ईएमआय भरायची ऑफर मात्र अजून एकानेही दिलेली नाही.

तर मंडळी, मॅटर असा आहे. एकीकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन 450. 452 सीसी, 40 हॉर्सपॉवर, 17 लिटरची टाकी, सहा गिअर. नुसती स्टँडवर उभी असली तरी ‘चल, स्पितीला जाऊ’ म्हणणारी. दुसरीकडे त्याच कंपनीची मीटिऑर 350. पॉवर जेमतेम निम्मी, पाय पुढे टाकून ऐटीत बसायचं आणि उगाच घाई करायची नाही. आमचा दादा तिला आरामखुर्ची म्हणतो.

छोटी म्हणजे हलकी असं वाटत असेल, तर विसरा. मीटिऑर 191 किलो, हिमालयन 196. म्हणजे फरक पाच किलो पिठाच्या पिशवीएवढा. खरी गोम आहे सीटच्या उंचीत. हिमालयनची सीट 825 मिलिमीटरवर, मीटिऑरची 765. सहा सेंटिमीटर! पाच फूट दोन इंचांच्या मुलीला विचारा सहा सेंटिमीटर म्हणजे काय ते. टेस्ट राइडला हिमालयनवर माझ्या पायांची नुसती बोटं टेकत होती. हायवेवर त्याने काही बिघडत नाही. पण संध्याकाळी सात वाजता, सिंहगड रोडवर, समोर पीएमटी आणि डावीकडे घुसू पाहणारी रिक्षा, अशा वेळी दर दहा फुटांवर पाय टेकायचा असतो आणि तो पूर्ण टेकलेला बरा. शिवाय हिमालयनचा 40 न्यूटन मीटर टॉर्क पूर्ण मिळतो 5500 आरपीएमला. मीटिऑरचा 27च, पण 4000लाच हजर. ट्रॅफिकमध्ये तिसऱ्या गिअरवर ती कुरकुर न करता चालते.

आणि पळवणार कुठे हो? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर टू-व्हीलरला बंदी. समृद्धीवरही बंदी. उरला जुना हायवे, नाहीतर ताम्हिणी. ताम्हिणीच्या वळणांवर शंभरने जायची हौस मला तरी नाही.

पैशांचं म्हणाल, तर 22 सप्टेंबर 2025पासून 350 सीसीपर्यंतच्या बाइकवर जीएसटी 18 टक्के आणि त्यावरच्या बाइकवर 40. सरकारने रेघ नेमकी माझ्या दोन बाइकच्या मधून मारली! ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ या एका वाक्यावर महिने काढणाऱ्या फ्रीलान्सरला ती रेघ जरा जास्तच जाड दिसते.

एवढं सगळं कळत होतं, तर तीन महिने कशात गेले? स्पितीत. कॉलेजपासून आमचा चौघींचा प्लॅन आहे. एक आता टोरांटोत, एकीला सात महिन्यांचं बाळ, तिसरीचं लग्न डिसेंबरात. व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव मात्र अजून ‘स्पिती पक्कं’च आहे. मीटिऑर घेतली की ‘आता काही आपण जात नाही’ या कागदावर सही केल्यासारखं वाटत होतं.

मग आईला शोरूममध्ये नेलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी असते, नेणारी मीच. हिमालयनवर चढताना तिने आधी माझा खांदा धरला, मग सेल्समनचा. बसली एकदाची. उतरताना त्याहून कठीण. साडी नीट करत हसून म्हणाली, ‘हीच घे गं, तुला आवडलीय ना. मी रिक्षाने जाईन.’

मागे पाठ टेकायची सोय असलेली मीटिऑर शेजारीच होती. तिच्यावर आई बसली, मांडीवर पर्स ठेवली आणि सेल्समनला मायलेज विचारायला लागली.

मीटिऑर बुक केलीय. मनालीत हिमालयन दिवसाच्या भाड्याने मिळते, त्याची चौकशीही करून ठेवलीय. ग्रुपवर जूनच्या तारखा टाकल्यात. टोरांटोवाल्या मॅडमचा अंगठा आला, बाकी दोघींच्या निळ्या टिका. आईने तिच्या हेल्मेटचा रंगसुद्धा ठरवलाय. मरून.