डोईवरची देवी

दगडाच्या देवाकडे आपण जातो. लाकडाचा देव आपल्याकडे येतो. लाकूड हलके. ते डोक्यावर घेता येते, गाड्यात घालता येते, आणि नकोसे झाले म्हणजे शिवेपलीकडे नेऊन ठेवताही येते. पुरीचा जगन्नाथ एवढा मोठा देव, परंतु तोही लाकडाचा असल्यामुळेच की काय, वर्षातून एकदा रथात बसून रस्त्यावर येतो. आमच्या मरीआईला मात्र रथ कोठला? तिला माणसाचे डोके मिळाले.

कराडजवळच्या मलकापुरात, हमरस्त्याला लागून असलेल्या वस्तीत, ही देवी अद्यापि अधूनमधून दृष्टीस पडते. बाईच्या डोक्यावर लाकडी देव्हारा, त्याला दोन झडपा, आत हळदकुंकवाने माखलेली मूर्ती आणि भोवती मोरपिसांचा झुबका. बाईच्या कमरेला ढोलके. त्यावर काठी घासून ती जो गुरगुरता नाद काढते तो कानापेक्षा पोटात आधी उतरतो. पुढे तिचा पुरुष : मोकळे केस, कमरेभोवती रंगीबेरंगी चिंध्यांचा घागरा, पायांत घुंगरू, हातात आसूड. तो आसूड तो स्वतःच्याच अंगावर ओढतो आणि मग सुपातले धान्य किंवा चार नाणी मिळतात. लहानपणी आम्ही यास कडकलक्ष्मी म्हणत असू आणि दाराआड लपत असू.

यंदा मी ती मूर्ती जवळून पाहिली. सुतारकामाच्या दृष्टीने तीत काहीच नाही. नाक एका घावात काढलेले, हात असून नसल्यासारखे. डोळे तेवढे मोठे रंगविलेले. एवढ्याशा ठोकळ्याला गावेच्या गावे का भ्याली असतील, हा विचार मनात आला आणि आठवण झाली ती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फोन लोकांच्या मूर्तींची.

फोन लोकांचा देश म्हणजे पूर्वीचे दाहोमे, आजचे बेनिन. त्यांच्या वोदुन धर्मात ज्या लाकडी मूर्ती असतात त्यांना बोचिओ म्हणतात. ‘बो’ म्हणजे भारलेली वस्तू आणि ‘चिओ’ म्हणजे प्रेत. सामान्य माणसाच्या घरापुढे ही मूर्ती जमिनीत रोवलेली असते. तिचे कोरीव काम ओबडधोबडच, कारण सामर्थ्य कोरण्यात नसून बांधण्यात आहे अशी तेथील समजूत. दोऱ्या, हाडे, पिसे, लोखंडाचे तुकडे, कधी चक्क कुलूप, असे तिला आवळून बांधतात. वर तेल आणि रक्त. मनातली भीती किंवा वैर पुटपुटून मूर्तीच्या भोकात खुंटी ठोकण्याचीही रीत आहे. मृत्यू घर शोधीत आला, तर त्याने माणूस समजून हे लाकूड न्यावे, असा त्यातील हेतू. राजांच्या मूर्ती अर्थातच सुबक असत. १८९२ साली फ्रेंच सेनापती दॉड्स याने अबोमे ही राजधानी घेतली आणि गेझो, ग्लेले व बेहान्झिन या राजांच्या लाकडी मूर्ती पॅरिसच्या संग्रहालयात गेल्या. त्या परत यावयास २०२१ साल उजाडावे लागले.

माणसाऐवजी लाकडाने जावे, ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. पटकीची साथ आली म्हणजे आपल्याकडील गावे वर्गणी काढून मरीआईचा गाडा करीत. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवीची बाहुली, खण, बांगड्या, नारळ. तो शिवेपलीकडे नेऊन सोडावयाचा. पलीकडच्या गावाने तो पाहिला की त्यानेही तसाच पुढे ढकलावयाचा. शेजाऱ्यावर मरण लोटताना कोणास पाप वाटत नसे. भीतीपुढे शेजारधर्म टिकत नाही. लंडनच्या डॉक्टर स्नो यांनी १८५४ सालीच पटकीचे मूळ पाण्यात दाखविले, आणि १८८४ साली कॉख यांनी कलकत्त्यास तिच्या जंतूंची ओळख पटविली. पण आमचे गाडे त्यानंतरही चालतच होते. आज मलकापूरचे नाव झाले आहे ते चोवीस तास पाणी देणाऱ्या मीटरच्या नळांमुळे. मरीआईचे खरे वैर याच नळाशी.

तथापि एक गोष्ट मला बोचते. देवी गावाची, भीती गावाची, पण ओझे मात्र गावाने कधी उचलले नाही. मरीआईचे ठाणे वेशीबाहेर. तिचा पोतराज बहुधा गावाने अस्पृश्य ठरविलेल्यांपैकी. देव्हारा वाहणारे भटके. पाठ त्यांची फुटे आणि साथ टळल्याचे समाधान वाड्यांत नांदे. १९५६ च्या धर्मांतरानंतर पुष्कळ घरांनी देव्हारे रिकामे केले, कित्येक पोतराजांनी केस उतरविले. उत्तम झाले. तो आसूड थांबलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. परंतु ज्यांच्या आजोबांनी सूपभर जोंधळे घालून ही पाठ भाड्याने घेतली, त्यांनी आज त्या बाईला अडाणी म्हणून नाक मुरडावे, हे मात्र मला पाहवत नाही.

बाईने देव्हारा उतरून कट्ट्यावर ठेवला तेव्हा मी विचारले, ‘‘तुमच्यानंतर हा कोण घेणार?’’

‘‘कोन घेनार दादा? पोरगं साळंत जातंय. त्याला लाज वाटती.’’

‘‘मग देवीचे काय करणार?’’

‘‘किस्नामाईत सोडायची.’’ तिने झडपा लावून घेतल्या. ‘‘पर धोंडा बांधून सोडाय पायजे. लाकूड हाय, न्हाईतर फुडल्या गावाला लागंल.’’