पाण्याची वाट

भूगोल विभागाची सहल यंदा नैनितालला जाणार, असे सरांनी वर्गात जाहीर केले तेव्हा सर्वांनी बाके वाजवली. मी मात्र गप्प राहिलो. डोंगर, पाऊस आणि तळे हे तीन शब्द कोणी एका दमात उच्चारले की माझ्या पोटात खड्डा पडतो. त्याचे कारण पुढे येईलच.

जुन्या दिल्लीहून रात्रीच्या गाडीने आम्ही काठगोदामला उतरलो. १८८४ साली रेल्वे इथवर आली आणि इथेच थांबली, पुढे डोंगर. वळणावळणाची पस्तीस किलोमीटरची चढण बसने संपवली आणि एका वळणावर अचानक ते तळे दिसले. डोंगरांनी ओंजळ धरावी आणि तिच्यात हिरवे पाणी साठावे, तसे. लांबी दीड किलोमीटरहून थोडी कमी, खोली सर्वांत जास्त जिथे आहे तिथे सुमारे २७ मीटर. वरच्या टोकाला मल्लीताल, खालच्या टोकाला तल्लीताल आणि दोहोंना जोडणारा मॉल रोड. एवढाच काय तो गाव! पण या एवढ्याशा गावात उच्च न्यायालय आहे, विद्यापीठाचा परिसर आहे आणि तळ्याच्या अगदी काठाला खेटून नगरपालिकेचे ग्रंथालय आहे. खिडकीशी बसून पेपर वाचणाऱ्याच्या नजरेसमोर होड्या जातात. आमच्या वाचनालयाच्या खिडकीतून सायकल स्टँड दिसतो, हे आठवून आम्ही खूप हसलो.

सरांनी मैदानात बसवून इतिहास सांगितला. कुमाऊँच्या लोकांना हे तळे पूर्वापार ठाऊक होते. काठी नयनादेवीचे ठाणे होते. शहाजहानपूरचा एक इंग्रज साखर व्यापारी, बॅरन, १८४१ साली इथे पोचला आणि त्याने वर्तमानपत्रांतून गोऱ्या जगाला हे ठिकाण कळवले. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या इथल्या थोकदाराला त्याने होडीत बसवून भर तळ्यात नेले आणि बुडवण्याची भीती घालून हक्क सोडायला लावला, अशी एक गोष्ट सांगतात. पुढे बंगले उठले, चर्च झाले आणि प्रांताचे सरकार उन्हाळ्यात इथे मुक्कामाला येऊ लागले.

मग सर म्हणाले, "आपण ज्या मैदानावर बसलो आहोत, त्याच्या पोटात काय आहे, ठाऊक आहे?"

१८ सप्टेंबर १८८०. दोन दिवस पाऊस कोसळत होता. सकाळी शेर-का-डांडा डोंगराचा एक लहान कडा सुटला आणि काही माणसे गाडली गेली. त्यांना काढायला शिपाई, अंमलदार, मजूर धावले. ते मातीत हात घालून काम करीत असतानाच दुपारी वरचा सगळा उतार खाली आला. व्हिक्टोरिया हॉटेल गेले, देवीचे देऊळ गेले, १५१ माणसे गेली. त्यांत १०८ हिंदी आणि ४३ गोरे होते. त्या मलब्यानेच हे मैदान रुंदावले. मुले आता त्यावर क्रिकेट खेळतात.

मी उठून बाजूला गेलो. सरांना कारण ठाऊक होते; त्यांनी हाक मारली नाही.

३० जुलै २०१४ ला मी तिसरीत होतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावात माझी मावशी दिली होती. त्या सकाळी एस.टी. चा ड्रायव्हर नेहमीसारखा गाडी घेऊन गेला, तर समोर गावच नव्हते. त्यानेच बाहेर खबर दिली. तिथेही दीडशेच्या वर माणसे गेली. आई आठ दिवस त्या चिखलाच्या कडेला बसून होती. तेव्हापासून आमच्या घरात 'देवाची करणी' हा एकच शब्द त्यावर बोलला जातो.

मैदानापासून चालत मी डोंगराच्या पायथ्याशी आलो. तिथे दगडात बांधलेला एक खोल नाला होता. एक म्हातारा कामगार आत उतरून पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या उपसत होता. मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारले, "बाबा, पाणी तर थेंबभर नाही, मग सफाई कशाला?" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "पाणी आल्यावर साफ करून काय उपयोग? आधी त्याला रस्ता द्यायचा, मग ते आपल्याला रस्ता देतं."

रात्री सरांना विचारले. ते म्हणाले, त्या संकटानंतर डोंगरउतारांवर अशा नाल्यांचे जाळे बांधले गेले. पाऊस मातीत मुरून उतार सुटण्याआधी पाणी धरून थेट तळ्यात सोडायचे, एवढाच त्यामागचा विचार. तरी सारे निभावले असे नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात तळे काळजी वाटावी इतके आटले. कारण त्याला आतून पाणी पुरवणाऱ्या सुखातालच्या परिसरातही बांधकामे झाली होती. २०१८ च्या ऑगस्टमध्ये खालच्या मॉल रोडचा एक तुकडाच तळ्यात घसरला. नाला बांधणे एकदाच होते. तो राखणे दरवर्षी असते.

मला झोप लागली नाही. आमच्या घरामागे डोंगरावरून येणारी एक ओघळ होती. दोन वर्षांपूर्वी तिच्यात माती लोटून आम्ही गोठा वाढवला. त्या मातीच्या पाट्या मीही वाहिल्या होत्या.

घरी परतल्यावर मे महिन्याच्या अखेरीस मी कुदळ घेऊन गोठ्यामागे गेलो. वडील रागावले. "चार हात जागा पुन्हा पाण्याला द्यायची? शिकून हेच शहाणपण आलं काय?" मी उत्तर दिले नाही, त्यांच्याशी वाद घालण्याचे धाडस आजही नाही. खणत राहिलो. बऱ्याच वेळाने आई बाहेर आली. तिने काही विचारले नाही. पदर खोचला आणि भरलेली पाटी उचलली. मावशीचे नाव त्या दिवशीही कोणी घेतले नाही.

संध्याकाळी वडील फावडे घेऊन आले आणि म्हणाले, "एवढ्या उताराला ही चर पुरायची नाही. अजून हातभर खोल घे."