बिनवैमानिकाचे विमान

साठी उलटलेल्या माणसाने विमाने करीत बसू नये, असे आमच्या घरच्या मंडळींचे मत आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत नातवाने हट्ट धरला. साधे विमान त्याला नको होते. आपल्या सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेशी ३१ ड्रोनचा करार केला, त्यातले एमक्यू-९बी हवे होते. त्याचे वडील, म्हणजे आमचा थोरला, फौजेत आहे. हट्टाचे मूळ तिथेच असावे.

खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २४ मीटर, अंगाची लांबी मात्र बाराच्या आत. आम्ही चाळिसावा हिस्सा धरला. पंख ६० सेंटिमीटर आले. लाकूड बाल्साचे, पुण्याच्या पाहुण्यांनी आणलेले. हातावर ठेवले तर वजनच लागेना! हे झाड मुख्यतः इक्वेडोर देशातून जगभर जाते. कूळ विचाराल तर आपल्या काटेसावरीचे. लावल्यापासून सात-आठ वर्षांत तोडणीला येते. सागवान लावून बसलेल्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

तुम्ही करणार असाल तर लाकडाच्या रेषा पंखाच्या लांबीत ठेवा. आडव्या ठेवल्या की पंख काडीसारखा मोडतो. आमचा मोडला, म्हणून सांगतो. मापाबरहुकूम केलेला पंख जेमतेम दोन बोटे रुंद झाला. मोठ्या विमानाला तो शोभतो, एवढ्याशाला हवा धरवत नाही. मग दुसरा चार बोटे केला. नातवाने पट्टी लावून मला पकडले. “आबा, हे खोटं झालं!”

नाक घासताना त्याने विचारले, “यात वैमानिक कुठे बसतो?”

“बसतच नाही. त्या फुगीर नाकात उपग्रहाशी बोलणारी थाळी असते. चालवणारा दूर कुठेतरी खोलीत.”

“म्हणजे कुणी पाडलं तरी आपलं माणूस मरत नाही?”

“नाही.”

पोर खूश झाले. खोटे कशाला सांगू, मीही झालो. ज्या घरातला मुलगा सीमेवर आहे त्या घरात दुसरे काय होणार? काचपेपर पुन्हा सुरू झाला. जरा वेळाने तो म्हणाला, “आणि ज्यांच्यावर हे बॉम्ब टाकतं, ते?”

माझ्या बोटांना फेविकॉल लागला होता. तो काढीत बसलो.

संध्याकाळी वारा पडल्यावर खळ्यावर गेलो. पहिल्या फेकीला नाक वर करून ते जागीच थांबले आणि शेपटावर आपटले. शेपूट जड झाले की असेच होते. गणपतीची उरलेली शाडू नाकात भरली. पंखाच्या पुढच्या कडेपासून तिसऱ्या हिश्श्यावर, दोन बोटांच्या टोकांवर विमान समतोल राहीपर्यंत माती घालीत गेलो. काड्यापेटीच्या काड्यांची चार क्षेपणास्त्रे त्याने आदल्या दिवशीच करून ठेवली होती. ती त्याच्या खिशातच राहिली. मीही आठवण केली नाही.

चौथ्या फेकीला ते सरळ निघाले. खळे ओलांडून, गोठ्यावरून, आवाज न करता कडब्याच्या गंजीवर जाऊन टेकले. म्हैस तेवढी दचकली. मी पावले मोजली, सव्वीस भरली. रात्री फोनवर बापाला सांगताना त्याने पन्नास सांगितली.