नटाचा गळा

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नट म्हटला की तो गाणारच, असं आमच्या लहानपणी गृहीत होतं. धान घरात आलं, हाती चार पैसे खुळखुळू लागले की गावागावांत मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. जमीन उतरती खणायची, निघालेल्या मातीचा उंच रंगमंच करायचा आणि खड्ड्यात तणस पसरून बसायचं. रात्री दहाला नांदी, पहाटेपर्यंत प्रयोग. पुढ्यात पायपेटी आणि तबला, वर गॅसबत्ती. बायांची कामं पुरुषच करायचे आणि त्याच गळ्यानं पदं म्हणायचे. पद रंगलं की खड्ड्यातून वन्समोअर यायचा. तिसऱ्या अंकापर्यंत आवाज टिकवणं हीच नटाची खरी परीक्षा असे.

सिनेमात हे ओझं वाटून घेतलेलं असतं. दादा कोंडके अभिनेते, निर्माते, शिवाय स्वतः गाणी लिहिणारे. पण पडद्यावर त्यांच्यासाठी गळा जयवंत कुलकर्णींचा, पुढे महेंद्र कपूर यांचा. आमच्या नटाला उसना गळा नव्हता आणि चुकलं तर दुसरा टेकही नव्हता. म्हणून कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना लोक ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणतात, तेव्हा मला त्यात खुणेंचं मोठेपण थोडं झाकल्यासारखं वाटतं. ८०० च्या वर भूमिका, ५००० हून अधिक प्रयोग, आणि सगळे जिवंत माणसांसमोर! २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गडचिरोलीतच नव्हे, पार चंद्रपूर, भंडाऱ्यापर्यंत लोकांना तो आपलाच मान वाटला.

आता गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, भिंतीभर फ्लेक्स आहेत. मंडळवाले तिथं येऊन नाटक ठरवतात. नागपूरहून नट्या येतात, स्त्रीभूमिका स्त्रियाच करतात, आणि हे फार चांगलं झालं. तृषांत इंगळेंनी २०२२ साली या दुनियेवर ‘झॉलीवूड’ हा चित्रपट केला. मुंबई-पुण्यात नाट्यगृहं भरायची पंचाईत असताना इथं आजही पाहुणेरावळे, लेकीजावई रात्रभर बसून नाटक पाहतात. सोयरिकीही तिथंच जुळतात.

पण पायपेटीच्या जागी ऑक्टोपॅड आलं आणि पद मागं सरलं. प्रवेश ऐन रंगात असताना नाच घुसवला जातो, गाणं सिनेमातलं असतं. तरण्या पोट्ट्यांना तेच हवं, असं मंडळवाले सांगतात. मला ते पटत नाही. जे ऐकायलाच मिळालं नाही, ते ही पोट्टी मागणार तरी कशी?

तेव्हाचे गाणारे नट अजून काही गावांत आहेत. आवाज थकलाय, पण पदं तोंडपाठ आहेत. ती त्यांच्याकडून, शक्य तर पायपेटीवरच, ध्वनिमुद्रित करून घ्यायला हवीत. धानाची मळणी उरकली की तेही मोकळे असतात.