बारावा नंबर

दिवाळी आली की आमच्या आटपाडीत परराज्यांच्या पाट्या लावलेल्या मोटारी दिसू लागतात. या माणदेशाला पाऊस पिढ्यान्‌पिढ्या हुलकावणी देत आला. म्हणून आटपाडी, खानापूर, विट्याकडची पोरे सोने-चांदी गाळण्याचा गलाईचा धंदा शिकून देशभर पांगली. आता टेंभूचे पाणी शिवारात आले आहे. पण गेलेली माणसे पाटाच्या पाण्यासारखी वळवून आणता येत नाहीत. माझा मुलगाही असाच कोइमतूरला स्थायिक झाला, आणि वर्षातून चार दिवस मला माझा नातू पाहायला मिळतो.

या नातवाशी बोलायचे काय, हा माझा दरवर्षीचा प्रश्न. त्याचे मराठी तमिळच्या चालीवर चालते आणि माझे, त्याच्या मते, पुस्तकातून. ‘अभ्यास कसा चाललाय?’ ‘बरा.’ येथे आमचे संभाषण संपते. पस्तीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला याहून वेगळा प्रश्न सुचत नाही, त्याला कोण काय करणार!

यंदा मात्र त्याने आल्याआल्या पिशवीतून पाटीएवढे एक यंत्र काढले, ते टीव्हीला जोडले आणि साबणाच्या अर्ध्या वडीएवढा एक तुकडा माझ्या हातात देऊन तो म्हणाला, ‘आबा, बसा. गाडी पळवायची.’

खेळाचे नाव मारिओ कार्ट. जपानातल्या क्योटो शहरात १८८९ साली पत्ते तयार करायला बसलेल्या निन्टेंडो कंपनीने १९९२ साली आपल्या मारिओ नावाच्या मिशीवाल्या प्लंबरला एका चिमुकल्या मोटारीत बसवले. तेव्हापासून तो धावतोच आहे. त्याच्याबरोबर धावणारे तरी कोण? एक राजकन्या, एक गोरिला, एक कासव आणि अळंबीची छत्री डोक्यावर घेतलेला एक बुटबैंगण! उत्तरेश्वराच्या यात्रेतही मी इतकी पंचरंगी मंडळी एका रांगेत पाहिलेली नाहीत. मी कासव निवडले. वयाला शोभेल असे तेच होते.

दिवे लागले आणि अकरा गाड्या सुटल्या. बारावी माझी. ती आधी भिंतीला भेटली, मग केळीच्या सालीवरून घसरली आणि शेवटी कठडा नसलेल्या वळणावरून खाली गेली. ‘संपलो!’ मी ओरडलो. पण ढगावर बसलेला एक इसम गळ टाकून आला आणि मला माझ्या गाडीसकट उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवून गेला. ‘हा कोण रे?’ ‘तो असतोच, आबा. पडलं की येतो.’ मला हेवा वाटला. आमच्या आयुष्याच्या रस्त्यावर असा इसम नेमलेला नव्हता.

दोन दिवसांत माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. वाटेत रंगीत पेट्या असतात. त्यांवरून गाडी नेली की काहीतरी हाती लागते. पहिल्या नंबरवर असलेल्या नातवाला बहुधा एखादे नाणे नाहीतर केळीची साल मिळे. मला मात्र बाकी सर्वांना अंगठ्याएवढे करून टाकणारी वीज, नाहीतर पाचसहा जणांना मागे टाकून नेणारा बंदुकीच्या गोळीचा अवतार! माझ्यातला मास्तर जागा झाला.

‘ही लबाडी आहे! जो पुढे आहे त्याला बक्षीस हवे. मागच्याला कशाला?’

पडद्यावरची नजर न काढता नातू म्हणाला, ‘मग मागचा खेळणार कशाला, आबा?’

उंबऱ्यात बसून माझा मुलगा आकाशकंदिलाला शेपट्या चिकटवत होता. त्याचा हात क्षणभर थांबला. तो हसला नाही, बोललाही नाही. पुन्हा खळ लावू लागला.

तो माझ्याच वर्गात होता. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या पहिल्या पाचांना मी पहाटे घरी बोलावून, कंदील लावून शिकवत असे. त्याच घरात, आतल्या खोलीत, माझा मुलगा झोपलेला असे. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे. तेथे त्याला मीच बसवले होते. मी त्याला कधी मारले नाही. पण कधी काही दिलेही नाही. दहावीत तो नापास झाला आणि महिन्याभरात एका गलाईवाल्याबरोबर निघून गेला. गावात मी सांगत असे, ‘डोके नव्हते, पण नशीब निघाले.’

वास्तविक हा धडा मला जपानकडून शिकण्याचे कारण नव्हते. माझे वडील खिल्लार बैलांच्या शर्यतींचे वेडे. (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, २०२१च्या डिसेंबरात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा ते हयात नव्हते.) शर्यतीहून परतल्यावर जिंकलेल्या बैलावर ते गुलाल टाकत आणि पेंडीची पाटी हरलेल्यापुढे सरकवत. मी एकदा कारण विचारले. ‘जिकल्याला गुलाल पुरं हाय. हरल्यालं जनावर उद्या परत पळवायचं हाय न्हवं?’ एक दिवसही शाळेत न गेलेल्या माणसाला हे कळत होते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री नातू झोपी गेला. यंत्र तसेच जोडलेले होते. मी एक तुकडा मुलाच्या हातात दिला. ‘अण्णा, मला नाही येत,’ तो म्हणाला. ‘मला तरी कुठे येते? बस.’

पन्नाशीला आलेला माझा मुलगा माझ्या शेजारी मांडी घालून बसला. आम्ही दोघे दोनदोनदा दरीत पडलो. दोनदोनदा ढगावरचा तो इसम आला. ‘अण्णा, उलटं निघालाय!’ तो ओरडला आणि मग इतका हसला, की आतून सूनबाईने ‘काय झालं?’ म्हणून विचारले. त्याला असे मोठ्याने हसताना मी शेवटचे कधी ऐकले, ते आठवेना.

अकरावा आणि बारावा नंबर आम्हा दोघांतच राहिला. त्यात अकरावा कोण, ते मात्र वाचकांना सांगणार नाही. सकाळी नातवालाही सांगितले नाही.