आग विझविणाऱ्याचा विमा

विम्याची गोष्ट निघाली की आपल्या मराठी घरांत आयुर्विम्याचाच विचार प्रथम येतो. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण आणि घरधन्याच्या पश्चात कुटुंबाची सोय, या तीन खुंट्यांना आपली विम्याची कल्पना बांधलेली असते. धंद्याचा विमा हा पेढीवाल्यांचा विषय, अशी आपली समजूत. परंतु जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सुरतेस येऊन मिल-कारखान्यांत राबलेल्या आपल्या लोकांची पुढची पिढी आता स्वतःचे लहानमोठे धंदे करू लागली आहे. त्यांच्या घरांत हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच. म्हणून तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

निमित्त झाले ते आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. नवागामात त्याचे अग्निशमन साधनांचे दुकान आहे. अग्निशामक बाटले भरून देणे, इमारतींत पाइप टाकून हायड्रंट व स्प्रिंकलर बसविणे, धुराचा इशारा देणारी यंत्रे लावणे आणि दरवर्षी त्यांची तपासणी करणे, हा त्याचा व्यवसाय. २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि शिकवणीच्या वर्गातील मुले जीव वाचविण्यासाठी वरच्या मजल्यावरून उड्या टाकताना साऱ्या देशाने पाहिली. २२ जीव गेले. त्या घटनेनंतर शाळा, शिकवण्या आणि मार्केटे यांच्या अग्निसुरक्षेची विचारपूस सुरू झाली. ठेकेदारांचे काम वाढले, तशी जोखीमही वाढली.

एका मोठ्या कामाच्या टेंडरात विम्याची अट होती. एजंटाने दिलेले कागद घेऊन तो आमच्याकडे आला. म्हणाला, “सर, इंग्रजी वाचता येते, पण अर्थ लागत नाही.” अर्थ लावणे हाच आमचा जन्मभराचा उद्योग. तीन संध्याकाळी आम्ही दोघे त्या कागदांशी बसलो. कविता वाचताना कवीने काय म्हटले आहे ते शोधावे. पॉलिसी वाचताना मात्र कंपनीने काय वगळले आहे ते आधी शोधावे, हा पहिला धडा आम्हांस मिळाला.

पहिला कागद दुकानाच्या आगविम्याचा होता. तो हवाच, पण या धंद्यातील खरे संकट स्वतःच्या दुकानात नसून दुसऱ्याच्या इमारतीत असते. वेल्डिंगची ठिणगी कापडाच्या ताग्यावर पडली, पाइप फुटून खालच्या गोदामात पाणी गेले, तर त्यासाठी त्रयस्थांच्या नुकसानीचा, म्हणजे पब्लिक लायबिलिटीचा विमा लागतो. येथे एक गफलत संभवते. भोपाळ दुर्घटनेनंतर १९९१ साली याच नावाचा कायदा झाला. तो घातक रसायने हाताळणाऱ्यांसाठी आहे. त्या कायद्याखालची पॉलिसी घेऊन ठेकेदाराचे काम भागत नाही. विकलेला बाटला ऐन वेळी चाललाच नाही, तर प्रॉडक्ट लायबिलिटीचा प्रश्न येतो. आराखडा किंवा तपासणीचा दाखला चुकला, तर व्यावसायिक दायित्वाचा. काम चालू असतानाच्या नुकसानीसाठी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी असते. आणि शिडीवरून पडलेल्या कारागिराचे काय? १९२३ च्या कायद्याने त्याच्या भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली; पुढे कायद्यांची नावे बदलली, जबाबदारी टळली नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या संध्याकाळी उमगली. आपल्याकडील दायित्वाच्या पॉलिसी बहुधा ‘दावा केव्हा आला’ यावर चालतात. आज बसविलेला हायड्रंट चार वर्षांनी निकामी ठरला आणि तेव्हा पॉलिसी चालू नसेल, तर आज भरलेला हप्ता उपयोगी पडत नाही. म्हणून पॉलिसीवर मागील कामे कोणत्या तारखेपासून धरली आहेत ते पाहावे आणि नूतनीकरणात एक दिवसाचाही खंड पडू देऊ नये. कंपनी बदलली तरी ती जुनी तारीख कायम राहील, असे लिहून घ्यावे. एका अपघातासाठी किती रक्कम आणि वर्षभरात एकूण किती, हे दोन आकडेही वेगळे असतात.

त्याचे वडील मिलमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “इतक्या वर्षांत काही झाले नाही, मग एवढा हप्ता कशाला?” प्रश्न संसारी माणसाचा होता आणि रास्त होता. मुलाने शांतपणे उत्तर दिले, “दादा, काही झाले तर आपले घर विकूनही लोकांचे भरून निघणार नाही.” त्यावर ते काही बोलले नाहीत.

प्रस्तावाच्या अर्जात वेल्डिंगचे काम लपविल्यास हप्ता कमी बसेल, असे एजंटाने सुचविले होते. आम्ही तसे करू दिले नाही. विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो. लपविलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते आणि सारे हप्ते पाण्यात जातात. शिवाय दंड, शिक्षा आणि जाणूनबुजून मोडलेला कायदा यांना विम्याचे छत्र नाही. स्वतःचे निकृष्ट काम पुन्हा करून देण्याचा खर्चही सहसा मिळत नाही. तो कामगाराने इमानाने काम करूनच वाचवायचा.

शेवटी दोन शब्द आम्हां गिऱ्हाइकांसाठी. कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुले जळून गेली. त्या प्रकरणातून २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांत अग्निशामक साधने असलीच पाहिजेत, असे बजावले. तेव्हापासून आम्ही शाळावाले भिंतीवरील बाटला मोजतो, त्यावरील तारीख पाहतो, पावती फायलीस लावतो. ज्याने तो भरला त्याच्या कामगारांचा विमा आहे काय, त्याच्या कामाची जबाबदारी उद्या कोण घेणार, हे मात्र क्वचितच विचारतो. सर्वांत कमी दराचे टेंडर उघडताना हा दर कशाकशाला फाटा देऊन कमी झाला आहे, हे विचारण्याचा अधिकार आपणांस आहे. वर्गात बसलेल्या मुलांच्या वतीने तो आपण बजावला पाहिजे.