काना दाबला की दार उघडतं

माझ्या डाव्या हाताला मात्रा पाठ आहेत. सोळा वर्षं झाली, यवतमाळात लोकांचे अर्ज टाइप करून देतो. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, वारसाची नोंद, धुऱ्याच्या वादाचा तहसीलदारांकडे अर्ज, सगळं इन्स्क्रिप्टमध्ये. कीबोर्डची ही मांडणी ज्यांनी बसवली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताकडे, स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे. उजव्याने क लिहायचा, डाव्याने त्याला काना द्यायचा. दोन्ही हात आळीपाळीने चालतात, जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन बायांसारखे. १९९१ साली ती भारतीय मानक झाली आणि आपल्या बहुतेक लिप्यांना तीच चालते. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला कुणी तेलुगू टाइप करत असेल, तर त्याचाही क माझ्याच क च्या जागी असतो.

ज्या कळांवर इंग्रजीत डब्ल्यू, ए, एस, डी छापलेलं असतं तिथे माझ्या बोटांखाली दोन मात्रा, काना-मात्रा, एक मात्रा आणि पाय मोडायची खूण असते. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर गेम खेळायला बसलो. तेव्हा कळलं की इथे याच चार कळा म्हणजे पाय आहेत. दोन मात्रा दिल्या की माणूस पुढे जातो, एक मात्रा दिली की मागे. आणि अक्षराचा पाय मोडायची जी कळ, तिच्यावर तो उजवीकडे चालतो. पहिल्या रात्री मी एका बोळात अर्धा तास होतो. बोळाच्या टोकाला बंद दार होतं आणि पडद्यावर 'ई दाबा' अशी सूचना. माझ्या हाताला ई ठाऊक नव्हता. बोटांकडे बघून शोधला, तर तो माझा काना निघाला. काना दाबला, दार उघडलं.

हातांना नव्याने शिकवायची ही माझी तिसरी वेळ. पहिली वेळ १९९७ ची, दारव्ह्यातली. कापसाचा चुकारा हातात आला आणि बाबांनी दिवाळीला टीव्हीवरचा गेम आणला. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं होतं, त्याची ती नक्कल. हे पुष्कळ वर्षांनी समजलं. आमच्यासाठी तो नुसता 'गेम' होता, त्यात घालायची ती 'कॅसेट' आणि हातात धरायचे ते 'रिमोट'. दोन रिमोट होते, पण सारखे नव्हते. स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं पहिल्यालाच होती. मूळ जपानी यंत्रातही तसंच होतं. त्यामुळे खेळ कधी सुरू करायचा, मध्येच कधी थांबवायचा, हे ज्याच्या हातात पहिला रिमोट त्याने ठरवायचं. आमच्या घरी तो ताईच्या हातात असायचा. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. माझ्या वाट्याला नेहमी दुसरा.

याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण ताई खरंच चांगली खेळायची. कॉन्ट्रा सुरू होण्याआधी वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए असं दाबलं की ३० जीव मिळायचे. दोघांना खेळायचं असेल तर पुढे सिलेक्ट, मग स्टार्ट. ही युक्ती कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या सुमारास एक अवघड गेम तपासून बघणं सोपं जावं म्हणून त्यात ठेवली होती. २०२० साली ते गेले. बातमी वाचली तेव्हा मी अर्ज टाइप करायच्या केंद्रात होतो. टेबलाखाली माझा अंगठा आपोआप मांडीवर फिरला. वर वर, खाली खाली. आमच्या गल्लीत हे कोणी आणलं, कुणी कुणाला शिकवलं, आठवत नाही. ताईच्या अंगठ्याकडे बघून मी शिकलो एवढं पक्कं आठवतं.

त्या यंत्राला स्मरण नव्हतं. मारिओच्या आठव्या जगात पोहोचा आणि लाईन जाऊ द्या, पुन्हा पहिल्या जगातलं पहिलं मशरूम. लाईन तर रोजच जायची. मग आम्ही एक उपाय काढला. रात्री झोपायची वेळ झाली की खेळ थांबवून ठेवायचा, टीव्ही बंद करायचा आणि यंत्र मात्र तसंच चालू ठेवायचं. त्याचा लाल दिवा बाबांना दिसू नये म्हणून ताई त्यावर आपली ओढणी टाकायची. अडॅप्टर रात्रभर तापायचा. मी गोधडीतून हात काढून तो चाचपून बघायचो. गरम असला म्हणजे आमचा मारिओ अजून तिथेच उभा आहे. पहाटे शकुंतला आगगाडीची शिटी ऐकली की पहिलं लक्ष त्या अडॅप्टरकडे. चार वेळा तरी तो थंड सापडला. एकदा मात्र सकाळपर्यंत टिकला आणि ताईने त्या दिवशी शाळेत जायच्या आधी आठवं जग पूर्ण केलं. मी शेजारी बसून बघितलं. मारिओ एकट्याचाच होता त्या वेळी, माझी पाळी नव्हती. पण जिंकल्यासारखं मलाही वाटलं होतं, आणि ते वाटणं खरं होतं.

दुसरी वेळ २००९ ची. यवतमाळला काम लागलं होतं आणि नागपूरहून जुनं प्लेस्टेशन २ आणलं. त्याच्या रिमोटवर दोन अ‍ॅनालॉग होते, अंगठ्याखाली कलणारे. हा फरक सांगताना मला आजही आनंद होतो. जुन्या रिमोटवर बटण एक तर दाबलेलं असायचं, नाही तर नसायचं. अ‍ॅनालॉग थोडा कलवला की माणूस चालायचा, पूर्ण कलवला की पळायचा, आणि या दोहोंच्या मधलं सगळं अंगठ्याच्या हाती. आणि आता स्मरणही होतं, ८ एमबीचं मेमरी कार्ड. ताई तोवर लग्न होऊन वणीला गेलेली. दिवाळीत आली की तिचा खेळ त्याच कार्डावर वेगळा असायचा, आणि वर्षभर मी त्याला हात लावायचो नाही. जागा कमी पडली तेव्हा मी माझाच एक खेळ पुसला.

ते यंत्र मी पंधरा वर्षं वापरलं. २०१३ च्या सुरुवातीलाच ते बनवणं बंद झालं होतं, नवे गेम येईनात, आणि माझ्या डीव्हीडी हाताळून हाताळून चरे पडलेल्या. नवं कन्सोल घ्यावं की कॉम्प्युटर, यावर सहा महिने गेले. कॉम्प्युटरवर दिवसा काम करता येईल, रात्री खेळता येईल, असा हिशोब मी घरी मांडला आणि तो खोटा नव्हता. पण खरं कारण वेगळं होतं. माझे हात ज्या पाटीवर रोज दुसऱ्यांची दुःखं टाइप करतात, त्याच पाटीवर त्यांनी काही स्वतःचंही करावं असं मला वाटत होतं.

नागपूरच्या सीताबर्डीतून एकेक भाग घेतला आणि कळंब-देवळी-वर्धा मार्गाच्या एसटीत मांडीवर ठेवून आणला. १६ जीबी रॅम, वापरलेलं ग्राफिक्स कार्ड, १४४ हर्ट्झचा मॉनिटर. मूळ फॅमिकॉमची रॅम होती २ केबी. हिशोब केला तर ८० लाख पटींहून अधिक भरतं. जोडणी मी स्वतः केली आणि नवख्याच्या दोन्ही ठरलेल्या चुका केल्या. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला लावली, म्हणजे ज्याच्यासाठी सगळ्यात जास्त पैसे मोजले ते कार्ड आठवडाभर रिकामं बसून होतं. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच राहिला. कन्सोलला असं काही विचारावं लागत नाही, बनवणाऱ्यांनी सगळं ठरवून दिलेलं असतं. कॉम्प्युटर प्रत्येक गोष्ट तुम्हालाच विचारतो. सावल्या किती गडद हव्यात, लांबचं गवत दिसायला हवं का. सुरुवातीला हे प्रश्न ओझ्यासारखे वाटले. पुढे त्यांची गोडी लागली, कारण प्रत्येक उत्तरातून यंत्र आतून कसं चालतं ते थोडं थोडं कळत गेलं. सावल्या कमी केल्या की चित्र पळायला लागायचं. म्हणजे सावली काढायलाच जास्त मेहनत पडते.

फेब्रुवारीच्या शेवटी मशीन आवाज करायला लागली. पंखे जोरात फिरायचे आणि दहा मिनिटांत चित्र अडखळायचं. प्रोसेसर ९५ अंशांना पोहोचत होता, आणि इतका तापला की तो स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. मी बाजूचं झाकण उघडलं. पुढच्या जाळीवर पांढरा थर होता. धूळ असेल म्हणून बोट लावलं, तर तो सोलून निघाला, एकसंध, मऊ, नमद्यासारखा. रुई होती ती. आमच्या घरापासून जिनिंग चार शेतं पलीकडे. हंगामात सरकी वेगळी होताना हवेत जे तंतू उडतात ते आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर, कढीपत्त्याच्या झाडावर बसतात, हे लहानपणापासून माहीत. आता ते इथेही शिरले होते. तो थर मी टाकला नाही, बराच वेळ हातात धरून बसलो. माझ्या पहिल्या गेमचे पैसे याच रुईतून आले होते.

आता हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी काढून ब्रशने साफ करतो. मे महिन्यात मशीन खिडकीतल्या कूलरपासून लांब सरकवतो. वाळ्यातून येणारी हवा माणसाला बरी, पण तिच्यातली ओल यंत्राला सोसत नाही.

सगळ्यात जास्त दिवस घेतले ते माऊसने. अ‍ॅनालॉगवर अंगठा कलवून धरला की नजर वळत राहते, हवं ते समोर आलं की सोडायचं. म्हणजे अंगठा वळण्याचा वेग सांगतो आणि तुम्ही वाट बघता. माऊसला वाट बघणं नाही. हात जितका सरकला तितकीच नजर वळते, हात थांबला की थांबते. मी सवयीने माऊस ढकलून तसाच धरून ठेवायचो आणि काहीच व्हायचं नाही. आणखी एक गोष्ट उमगली. कन्सोलवर बरेच गेम निशाणा धरायला हळूच मदत करतात, अंगठ्याची अडचण त्यांना माहीत असते. माऊस हातात आला की ती मदत बहुधा नसते. पहिले तीन आठवडे माझा एकही बाण जागेवर लागला नाही. रिमोट कॉम्प्युटरलाही लावता येतो. एका रविवारी लावलाही, आणि सगळं पूर्वीसारखं सोपं झालं. शर्यतीच्या गाड्या, उड्या मारायचे गेम यांना मी आजही तोच लावतो, कारण तिथे तो खरोखर बरा आहे. पण त्या रविवारी मी तो काढून खणात ठेवला. मला माऊस यायला हवा होता. माऊसचा वेग निम्मा केला, मनगटाऐवजी कोपरापासून हात हलवायला लागलो, आणि रोज केंद्र बंद करून आलो की वीस मिनिटं नुसता भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे वळायचो. टायपिंगच्या परीक्षेआधी असाच एकेक ओळ शंभरदा गिरवायचो.

हे चार पाय कुणामुळे रूढ झाले तेही शोधलं. डेनिस फाँग नावाचा एक अमेरिकन पोरगा क्वेक हा गेम असा खेळायचा. १९९७ साली त्याने स्पर्धा जिंकली आणि गेम लिहिणाऱ्या जॉन कारमॅकने त्याला स्वतःची फेरारी गाडी बक्षीस दिली. त्याचं बघून पुष्कळांनी डावा हात तिथे ठेवला. ते वर्ष आमच्याकडे टीव्ही गेम आला ते. त्याचा डावा हात डब्ल्यू-ए-एस-डीवर होता तेव्हा माझा अंगठा ताईच्या अंगठ्याकडे बघत होता.

ताई नवरात्रात आली. यवतमाळची देवी बघायला दरवर्षी येते. मंडळं फिरून रात्री अकराला आम्ही घरी आलो आणि तिने माझ्या टेबलाकडे बघितलं.

"हे काय घेतलं तू? याले रिमोट कुठी आहे?"

मी राजी लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली बहीण, आणि तिच्या हातात दुर्गेचं त्रिशूळ. ताईने कथा ऐकून घेतली, काही बोलली नाही. मग खुर्ची ओढली.

"अन् मी कुठी बसू?" मी विचारलं. इथे खुर्ची एकच, कीबोर्ड एक, माऊस एक. कन्सोलवरून इकडे येताना जे हरवलं ते हेच होतं. शेजारी बसायला जागा उरली नव्हती.

तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि माऊस माझ्याकडे सरकवला. "मी चालवतो, तू मार."

मी तिची बोटं चार कळांवर ठेवून दिली. तिला इन्स्क्रिप्ट येत नाही, तिच्यासाठी त्या नुसत्या कळा. राजी आधी भिंतीला धडकली, मग खांबाला, मग सरळ चालायला लागली. पाय ताईचे, त्रिशूळ माझं. राक्षस आले तेव्हा ती मला न सांगता मागे सरकली आणि मी बरोबर त्याच क्षणी वार केला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारव्ह्यातही ती बघायची नाही.

साडेबाराला लाईन गेली. चौकातल्या मंडळाचा आवाज एकदम थांबला, पंखा फिरता फिरता मंदावला. टेबलाखाली यूपीएस टी टी करायला लागला. तो आठ-दहा मिनिटं पुरतो.

"बंद करू का?" मी म्हटलं.

"नको न." ताई मॉनिटरच्या खालच्या कडेला अंधारात बटण चाचपत होती. "ते चालूच राहू दे. टीव्ही तेवढा बंद कर."